बेबीताईंच्या हाताखालचा उन्हाळा

परवा कूलर खाली काढला आणि त्याचं जुनं गवत उपसायला बसलो. वर्षभर वाळून कडक झालेलं, पाण्यातल्या क्षारांनी पांढरं पडलेलं ते गवत हातात घेतलं की बारीक धूळ उडते आणि नाकात एक ओळखीचा वास शिरतो. थोडा ओल्या लाकडाचा, थोडा गंजलेल्या पत्र्याचा. नागपुरात उन्हाळा आल्याची खात्री मला या वासानं पटते. बाहेर आमच्या नंदनवनच्या गल्लीत कडुनिंब फुलला होता आणि त्याचा पांढरा चुरा गाड्यांच्या सीटवर साचला होता. सुनंदा, म्हणजे माझी बायको, गच्चीवर कुरडयांसाठी जुनी साडी अंथरत होती. सकाळचे नऊ वाजले होते, पण उन्हानं भिंतीचा अर्धा भाग केव्हाच गिळला होता.

असा एखादा उन्हाळा आयुष्यात येतो, की पुढचे सगळे उन्हाळे आपण त्याच्या शेजारी ठेवून पाहतो. माझा तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्यात कुठला प्रवास नव्हता, लग्नकार्य नव्हतं. कचरा होता.

तेव्हा मी मौद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. रोज सकाळी बसनं जायचं, वाटेत वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसायला लागल्या की पिशवी खांद्याला लावून उभं राहायचं. वर्षं अशीच गेली. आठवीला कचऱ्याच्या पुनर्वापराचा धडा असे. मी फळ्यावर तीन बाण काढायचो, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं टोक. बाटली टाकली, बाटली वितळली, पुन्हा बाटली झाली. आकृती इतकी सुबक यायची की काढून झाल्यावर मी स्वतःच दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहायचो. मुलं वहीत उतरवून घेत. परीक्षेत बहुतेकांना पूर्ण गुण मिळत.

त्या एप्रिलमध्ये मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. दुपारची वेळ. कूलरच्या वाऱ्यानं पेपर उडू नयेत म्हणून त्यांच्यावर लोणच्याची काचेची बरणी ठेवलेली. सुनंदानं दोनच दिवसांपूर्वी कैरीचं लोणचं घातलं होतं आणि त्यातलं चाखायला म्हणून थोडं मी टेबलावर आणलं होतं. उठताना माझं कोपर लागलं. बरणी फरशीवर पडली आणि मोहरीची डाळ, मेथी, तिखट, तेल आणि काचा असा एक लाल राडा झाला.

सुनंदा झोपली होती. तिला उठवायचं नव्हतं, बोलणी खायची नव्हती. मी सुपलीनं तो सगळा राडा गोळा केला. स्वयंपाकघरात टरबुजाच्या सालींची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, अर्धी भरलेली होती. काचा त्यातच लोटल्या, वर पेपर तपासून संपलेल्या दोन लाल रिफिली टाकल्या, गाठ मारली आणि पन्नी फाटकाबाहेर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली आणि पन्नी गेली. माझ्यापुरता विषय संपला होता.

सात-आठ दिवसांनी फाटकाशी एक बाई आली. पन्नाशीची, सावळी, उंच. डोक्यावरून पदर आणि पदरावरून ओला गमछा घेतलेला. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. घंटागाडीबरोबर चालत येणारी ही बाई मी कितीतरी वेळा पाहिली होती. गाडी दोन घरांच्या मध्ये थांबली की ती मागच्या बाजूनं हात घालून बाटल्या, पुठ्ठे, डबे पटापट वेगळे करायची आणि आपल्या चुंगडीत, म्हणजे पाठीवरच्या पोत्यात, टाकायची.

"सर, तुमच्या घरी लोनच्याची बरनी फुटली होती काय जी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. दुधाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं.

मी म्हणालो, "आमच्याकडची नसेल."

का म्हणालो, हे मी स्वतःला आजवर समजावू शकलेलो नाही. उन्हात उभी असलेली ती बाई, तिची पिवळट झालेली पट्टी, आणि तीस वर्षं मुलांना खरं बोलायला सांगणारा मी. तिनं मान हलवली. "बरं जी," म्हणाली आणि गेली. जाताना गमछ्याचं टोक डाव्या हातानं सारखं केलं. तिचं ते सावकाश वळणं मला दिवसभर दिसत राहिलं.

संध्याकाळी सुनंदाला सगळं सांगितलं.  भाकरी थापत होती, ती थापत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "घर पाहून या तिचं."

घंटागाडी चालवणाऱ्या दिलीपभाऊंकडून पत्ता घेतला. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, पलीकडे, नाल्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर. समोर कडुनिंब आणि मोकळा प्लॉट. बाईंचं नाव बेबीताई. माहेर पारशिवनीकडचं. नवरा बांधकामावर होता, तो गेल्यावर त्यांनी हे काम धरलं. लेक लग्न होऊन कामठीला गेलेली. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, आमच्या गल्लीतून त्या बारा वर्षं जात-येत होत्या तरी.

त्यांनी बाज पुढे ओढली आणि मला पाणी दिलं. मी पेला हातातच धरून ठेवला. "ताई, ती बरणी आमचीच. मीच काचा टाकल्या, सालींमध्ये. तुम्हाला खोटं सांगितलं."

"मालूम होतं," त्या म्हणाल्या. "लाल रिफिली होत्या त्यात. गल्लीत दुसरा मास्तर कोन आहे?"

मग त्या हसल्या आणि माझी मान आणखी खाली गेली. टाके सहा पडले होते. काचेपेक्षा तिखट-मिठानं जास्त हाल केले होते. मी दवाखान्याच्या खर्चाचं काढलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ते झालं. दिलीपभाऊनं नेलं होतं सरकारी दवाखान्यात." मग म्हणाल्या, "तुमाले सुट्ट्या लागल्या ना आता? मंग मले दुसरं पाहिजे. माहा हात बंद आहे अन् माल पडून राहिला. तुमी सकाळचे दोन-दोन घंटे येऊन बसा. मी सांगते तसं वेगळं करा."

अशी माझी त्या उन्हाळ्याची शाळा सुरू झाली.

सकाळी साडेसहाला मी निघायचो. तेव्हा हवेत थोडा गारवा असे आणि नाल्याकडून येणारा वास अजून जागा झालेला नसे. कडुनिंबाखाली बेबीताईंनी ताडपत्री अंथरलेली असायची. मी डोक्याला गमछा गुंडाळून मांडी घालून बसायचो. खिशात सुनंदानं दिलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून. आठ वाजता ऊन ताडपत्रीच्या कडेला लागायचं, साडेआठला माझ्या गुडघ्यावर चढायचं. मग त्या माठातलं पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता घरी जा, मॅडम वाट पाहून राहिल्या असतील."

पहिल्या दिवशी मी सगळं प्लास्टिक एका ढिगात टाकलं. बेबीताईंनी पाहिलं आणि ढीग पायानं मोडला.

"हे काय केलं जी?"

"प्लास्टिक आहे ना सगळं."

"पोळी अन् भात दोनी अन्नच आहे. एकात कालवून देता काय पाहुन्याले?"

मग त्यांनी शिकवलं. पाण्याची बाटली वेगळी आणि तिचं झाकण वेगळं. शाम्पूची जाड बाटली तिसरी. बादलीचा तुकडा चौथा. दुधाची पन्नी पाचवी, पण धुतलेली. न धुतलेल्या पन्नीला आंबूस वास लागला की भंगार विकत घेणारा कबाडी ती बाजूला सारतो आणि एका पन्नीपायी अख्खं पोतं नाकारतो. कागदाचं तसंच. कोरडा कागद हा कागद. त्यावर वरण सांडलं की तो काहीच नाही. पिझ्झ्याच्या खोक्याचं झाकण कामाचं, तेल प्यायलेला तळ निकामी. मी विज्ञानाचा माणूस, बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरची, लांबलचक नावं पाठ असलेला. पण समोरचा तुकडा कोणत्या जातीचा हे मला एकदाही नीट सांगता आलं नाही. बेबीताई तुकडा चुरगळायच्या, कानाशी न्यायच्या. "हे कडकड बोलते. हे चुपचाप राहते. वेगळं ठेवा."

आमच्या गल्लीतली घरंही त्यांना अशीच कळत. कोणाकडे साखरेची गोळी चालू झाली, कोणाची सून बाळंतपणाला आली, कोण भाजी फार सोलून टाकतं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात चहाडी नसे. "पाटलांच्या म्हातारीनं जेवन कमी केलं," त्या एकदा काळजीनं म्हणाल्या. "पोळ्या तशाच येऊन राहिल्या." मी त्या संध्याकाळी पाटलांकडे डोकावलो. म्हातारीला खरोखरच आठवडाभर बरं नव्हतं.

माझे वडील विणकर होते. आमच्या उमरेडच्या घरात माग होता आणि मागावरचा ताणा संपला की वीतभर लांबीचे सुताचे तुकडे उरायचे. ते वाया जात नसत. आई त्यांच्या वाती करायची, सायकलची साखळी पुसायला वडील मूठभर ठेवून घ्यायचे, उरलेलं उशीत जायचं. घराबाहेर टाकायला असं रोज फारसं काही नसेच. कडुनिंबाखाली बसलेलो असताना मला ती उशी आठवायची, तिचा टणकपणा, तेलकट वास. त्या घरात कोणी पुनर्वापर हा शब्द ऐकला नव्हता. वस्तू कशापासून झाली हे हाताला माहीत होतं, म्हणून ती मोडल्यावर तिचं काय करायचं हेही हाताला माहीत असायचं. माझ्या हाताला माहीत नव्हतं. मी विकत आणत होतो आणि गाठ मारून फाटकाबाहेर ठेवत होतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला टाके निघाले. बेबीताई खुशीत होत्या. पट्टी काढलेला हात त्यांनी धुतला, पुसला आणि ढिगातून एक पन्नी उचलून अंगठ्यानं चोळली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा. मी माझ्या कामात होतो. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं, तर त्या अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या.

"काय झालं जी?"

"काहीच समजून नाही राहिलं, सर. अंगठ्याले पन्नी लागूनच नाही राहिली."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की नस दुखावली आहे, थोडी जाण परत येईल, सगळी येणार नाही. पण त्या सकाळी डॉक्टर नव्हते, आम्ही दोघंच होतो. बारा वर्षं ज्या अंगठ्यानं त्यांनी घर चालवलं तो त्यांच्या मांडीवर परक्यासारखा पडला होता.  कडुनिंबाची फुलं ताडपत्रीवर पडत होती. बेबीताईंनी डोळे पुसले, तेही डाव्या हातानं. मग नाक ओढून म्हणाल्या, "तुमचा अंगठा द्या इकडे."

त्यांनी माझा अंगठा धरला, पन्नीवर ठेवला आणि हळू ओढला. "काय लागते?"

"गुळगुळीत."

"मेनासारखं का काचेसारखं?"

"मेनासारखं."

"मंग ते इकडे."

पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही असंच काम केलं. अंगठा माझा, उत्तर त्यांचं. हळूहळू मला प्रश्न विचारावा लागेना. मेच्या अखेरीस त्या डाव्या हाताच्या अंगठ्यानं ओळखायला शिकल्या होत्या. उजवा सवयीनं पुढे यायचा आणि मागे घेतला जायचा. ती छोटी हालचाल मला अजूनही बघवत नाही.

दरम्यान गल्लीत मी दारोदार फिरत होतो. ओला आणि सुका असे दोन डबे ठेवा, काच जाड कागदात गुंडाळा, वर लिहा. लोक ऐकत, कारण मास्तर आहे, वयानं मोठा आहे. सगळ्यात मनापासून केलं ते समोरच्या पौनीकरकाकूंनी. त्यांच्या बाल्कनीत धुतलेल्या दुधाच्या पन्न्या चिमट्यांनी टांगलेल्या दिसायच्या, पांढऱ्या, निळ्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या.

दोन आठवड्यांनी काकू आमच्या दारात आल्या. ओढणीनं तोंड गुंडाळलेलं, डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरलेले होते.

"गुरुजी, मी चौकापर्यंत भाजीले गेली होती. माह्या डोळ्यांनी पाहिलं. ओलं अन् सुकं, गाडीत सगळं एकातच टाकून राहिला तो. मंग मी काहून धुवून राहिली होती?"

दुसऱ्या दिवशी मी दिलीपभाऊंना थांबवलं. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. मधोमध पत्र्याचा आडोसा असायला हवा होता, तिथे फक्त गंजलेले खिळे होते. "पत्रा गेला, सर. चार महिने सांगून राहिलो, कोनी ऐकत नाही. तिकडं डेपोत काट्यावर वजन पाहतात. आत काय आहे ते पाहत नाहीत. ओल्यानं वजन भरते. मी एकट्यानं काय वेगळं ठेवू?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. थकवा होता. मी शाळेत शिकवलेल्या आकृतीत ही गाडी नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. घर आणि कारखाना यांच्या मधला रस्ता मी कधी काढलाच नव्हता. तिथे एक गळून पडलेला पत्रा होता, एक काटा होता आणि एका बाईचा हात होता. वजन मोजणाऱ्यानं आत काय आहे तेही मोजलं असतं, तर तो पत्रा पुन्हा बसवायला कोणाला आठवण करून द्यावी लागली नसती.

आठवडाभरात गल्ली परत एका डब्यावर आली. मला कोणाला दोष देता येईना. बेबीताईंना सांगितलं तेव्हा त्या ताडपत्रीवर पाणी शिंपडत होत्या.

"गाडीत सुकं देताच काहून?" त्या म्हणाल्या. "धुतलेल्याले वास येत नाही. आठ दिवस घरी राहू द्या. शनिवारी मी येते अन् घेऊन जाते. अन् ओल्यासाठी तो मोकळा प्लॉट आहे ना. आमी गावाकडं शेनखताचा खड्डा कराचो, तसा करू."

प्लॉटचे मालक पुण्याला असतात. फोनवर त्यांनी परवानगी दिली, वास आला तर बुजवायचा या अटीवर. आणि वास आला. भर मे महिन्यात टरबुजाच्या साली आणि आंब्याच्या कोयी नुसत्या खड्ड्यात ओतल्यावर दुसरं काय होणार? माश्या घोंगावल्या, पाटलांनी तक्रार केली, सुनंदानं दोन दिवस खिडकी लावून घेतली. बेबीताईंनी येऊन वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "कोरडं कुठं आहे यात?" ओल्याच्या दुप्पट कोरडं लागतं म्हणाल्या. कोरडं आणायचं कुठून? तेव्हा सुनंदालाच सुचलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरोघरी कूलरचं जुनं गवत बदललं गेलं होतं आणि गल्लीच्या कोपऱ्यात त्याचा ढीग तसाच पडला होता. आम्ही तो सगळा उचलला. कडुनिंबाचा पाला मिसळला. एक थर ओला, दोन थर कोरडे. चौथ्या दिवशी वास मेला. सहाव्या दिवशी मी थरात हात घातला तर आत कोमट लागलं, आजारी मुलाच्या कपाळासारखं. मी तो हात तसाच ठेवून पौनीकरकाकूंना हाक मारली. त्यांनीही हात घातला. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत दुधाच्या पन्न्या पुन्हा दिसल्या.

शनिवारी बेबीताई हातगाडी घेऊन यायला लागल्या. फाटकातून सरळ आत, ओट्यावर बसून पन्हं प्यायच्या आणि मग सुकं घेऊन जायच्या. पूर्वी लोक त्यांच्याशी घंटागाडीच्या आवाजातून बोलत, आता ओट्यावर बसून बोलू लागले. आपल्या तब्येतीची काळजी केल्याबद्दल पाटलांच्या म्हातारीनं त्यांना एकदा कुरडया बांधून दिल्या.

सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. एका शनिवारी बेबीताईंनी एक भरलेली चुंगडी परत आणली आणि ओट्यावर रिकामी केली. चिप्स, बिस्किटं, मसाले, शाम्पूच्या पुड्या. आतून चांदीसारखी, बाहेरून रंगीत, चमकदार. "ह्याले कोनी घेत नाही," त्या म्हणाल्या. "तीन पदर चिकटवले आहेत एकात. सोडवता येत नाही. मी तीन-चार शनिवार गोळा केलं, वाटलं कोनी तरी घेईल. तुमचं तुमी ठेवा."

गल्लीतले लोक जमले. ढिगात प्रत्येकाला आपापलं सापडत होतं. सुनंदा कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली. मी माझी बाटलीची आकृती सांगितली, की यातलं निदान काहीतरी पुन्हा बनतं. बेबीताईंनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"बाटलीची बाटली कुठं होते, सर? कबाडी म्हनते बाटलीचा दोर होते. दोर तुटला की मंग काहीच होत नाही. एक खेप जास्त जगते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सुनंदानं चिवडा घरी केला आणि किराणा आणायला मला तीन डबे हातात दिले. दुकानदारानं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग तूरडाळ डब्यात तोलून द्यायला लागला. बाजारातून येताना ते डबे पिशवीत एकमेकांवर आपटत. त्या आवाजाची मला आधी लाज वाटायची, नंतर सवय झाली. पण चमकदार पुड्या आमच्या घरात आजही येतात. कमी येतात. त्या कशा घडवायच्या हे ठरवणारी माणसं आमच्या ओट्यापासून फार लांब बसलेली असतात. त्यांच्यापर्यंत बेबीताईंची चुंगडी कशी न्यावी, हे मला अजून कळलेलं नाही. तो ढीग त्यांच्या दाराशी ओतता यायला हवा, असं मात्र वाटत राहतं.

जूनच्या अखेरीस शाळा सुरू झाली. आठवीच्या वर्गात धडा आला तेव्हा मी फळ्यावर तीन बाण काढले नाहीत. आधी एक घर काढलं, मग गाडी, मग ताडपत्रीवर बसलेली एक बाई, मग कबाड्याचं दुकान, मग कारखाना, आणि शेवटचा बाण अर्ध्यावर सोडला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, हा बाण पूर्ण नाही केला?"

"एवढाच जातो तो," मी म्हणालो. "म्हणून सुरुवातीलाच, वस्तू घेतानाच, विचार करायचा."

तिनं वहीत अर्धा बाण काढला. आकृती सुबक नव्हती. त्या वर्षानंतर मी निवृत्त झालो.

तेव्हापासून शनिवार माझे बेबीताईंच्या दारच्या कडुनिंबाखाली जातात. बेबीताईंच्या अंगठ्याला थोडी जाण आली आहे. गरम-थंड कळतं, पन्नी कळत नाही. त्याबद्दल मी पुन्हा कधी माफी मागितली नाही, मागावीशी पुष्कळदा वाटली. एकदा तसं बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, "आता काय ते. बसा, माल पडला आहे." कदाचित माफी मागून मोकळं होण्यापेक्षा असं बसणं जास्त खरं असेल. किंवा मी माझीच समजूत काढत असेन. गल्लीतली पंधरापैकी अकरा घरं अजून टिकून आहेत. चार सुटली. त्यातली दोन परत येतील असं पौनीकरकाकूंना वाटतं. घंटागाडीला यंदा नवा पत्रा बसला आहे आणि दिलीपभाऊ दार उघडून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

गेल्या शनिवारी बेबीताई भाचीच्या लग्नाला पारशिवनीला गेल्या होत्या. मी एकटाच ताडपत्रीवर बसलो होतो. डोक्याला गमछा, समोर ढीग, ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं. कोपऱ्यावर नवी फ्लॅट स्कीम झाली आहे, तिकडून एक तरुण स्कूटरवर आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कानात इअरफोन. गाडी बंद न करता त्यानं एक फुगलेली पन्नी दोन बोटांत धरून माझ्यासमोर केली. माझ्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

"काका, हे पण घेऊन घ्या."

त्या हाताची लांबी मी बघत राहिलो. आपला हात आणि समोरचा माणूस यांच्यात जितकं अंतर ठेवता येईल तितकं त्यानं ठेवलं होतं. माझाही हात कितीतरी वर्षं तसाच लांब असणार. मला राग आला नाही. बेबीताईंची ती बारा वर्षं म्हणजे काय, हे त्या एका क्षणात थोडंसं कळल्यासारखं वाटलं.

मी पन्नी घेतली, गाठ सोडली आणि आतलं ताडपत्रीवर ओतलं. भात, टिश्यू पेपर, बाटल्या, चार्जरची तुटलेली वायर. "थांबा जरा जी," मी म्हणालो. "यातलं काय काय घेता येईल, पाहून जा."

त्यानं इअरफोन काढला. तेव्हा त्याची नजर माझ्या चष्म्यावर, शर्टाच्या खिशातल्या पेनावर गेली आणि तो गोंधळला.

"सॉरी सर, मले वाटलं तुमी कचरा वेचणारे आहात."

"वेचतोच आहे," मी म्हणालो.

तो घुटमळला. घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि पँटच्या मोऱ्या वर ओढून माझ्यासमोर उकिडवा बसला. भात लागलेली एक बाटली त्यानं उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही धुवायला पाणी कुठं आहे?"